जावास्क्रिप्टचे कामाचे तुकडे: स्वतःचा स्निपेट-संग्रह कसा उभा करायचा

जावास्क्रिप्टमध्ये थोडे रुळले की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येऊ लागतात. ॲरेमधले दुहेरी घटक काढायचे असतात. सर्चबॉक्समध्ये दाबलेल्या प्रत्येक अक्षरासाठी सर्व्हरला त्रास द्यायचा नसतो. शीर्षकावरून नीटनेटका यूआरएल बनवायचा असतो. नवखा माणूस दर वेळी नव्याने शोधतो, सापडेल ते चिकटवतो आणि विसरून जातो. त्यापेक्षा अशा तुकड्यांचा, म्हणजे स्निपेटांचा, आपला एक संग्रह असावा. त्यातला प्रत्येक तुकडा आपण स्वतः लिहिलेला असावा आणि तो कुठे मोडतो हे त्याच्या शेजारीच नोंदवलेले असावे. माझा सगळा आग्रह या दुसऱ्या अटीचा आहे, कारण चार ओळींचा कोड कुठेही मिळतो, पण त्या चार ओळी कधी दगा देतात हे सहसा कुणी सांगत नाही.

खाली तयार कोड दिलेला नाही, प्रत्येक तुकड्याची रचना शब्दांत सांगितली आहे. ती वाचा आणि एडिटरमध्ये स्वतः टाइप करा. अडलात तर एमडीएनचे (मोझिलाच्या वेब-संदर्भ संकेतस्थळाचे) संदर्भपान उघडा. आयता कोड चिकटवून हात बसत नाही.

पहिली पायरी: भाषेत आधीच आहे का ते पाहा

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे ११ ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून, काढून घेतले. स्ट्रिंगच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा किंवा शून्ये भरायची, एवढेच त्याचे काम. पण बॅबलसारखी मोठी साधने त्यावर आडून-आडून अवलंबून होती. जगभरातले बिल्ड धडाधड कोसळले आणि शेवटी एनपीएमला ते पॅकेज स्वतःहून परत आणावे लागले. पुढच्याच वर्षी, ईएस२०१७ मध्ये (भाषेच्या २०१७ च्या आवृत्तीत), हेच काम करणारी 'पॅडस्टार्ट' ही मेथड भाषेत आली.

जुन्या स्निपेटांचे असेच होत आले आहे. ॲरे सपाट करणारी 'फ्लॅट' २०१९ मध्ये आली, सगळीकडे बदल करणारी 'रिप्लेसऑल' २०२१ मध्ये, शेवटचा घटक देणारी 'ॲट' २०२२ मध्ये, मूळ ॲरेला हात न लावता क्रम लावणारी 'टूसॉर्टेड' २०२३ मध्ये आणि गट पाडणारी 'ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय' २०२४ मध्ये. दोन सेटांचा संयोग किंवा छेद काढायची सोय २०२५ च्या आवृत्तीत आहे. तेव्हा एखादा तुकडा लिहिण्याआधी एमडीएनवर शोधा आणि तिथली 'बेसलाइन' खूण पाहा. ती मेथड सगळ्या प्रमुख ब्राउझरांत केव्हापासून चालते हे त्यावरून कळते.

दुसरी पायरी: साठवायचे कुठे

स्निपेट म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलतात. एक म्हणजे साचा: टेस्ट फाइलची सुरुवात किंवा ट्राय-कॅचचा सांगाडा, जो प्रत्येक ठिकाणी नव्याने उमटवायचा असतो. दुसरे म्हणजे फंक्शन, जे एकाच जागी राहते आणि बाकीच्या फाइली ते इम्पोर्ट करतात. साचा एडिटरमध्ये ठेवावा आणि फंक्शन मॉड्यूलमध्ये. फंक्शनाला साचा समजून दहा फाइलींत चिकटवले की एक चूक दहा ठिकाणी दुरुस्त करावी लागते, आणि त्यातले एक ठिकाण हमखास राहून जाते.

साच्यांसाठी व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'यूझर स्निपेट्स'ची जेसन फाइल असते. प्रत्येक साच्याला 'प्रीफिक्स' द्यायचा, म्हणजे काय टाइप केल्यावर तो सुचवला जावा ते. 'बॉडी'मध्ये ओळींचा ॲरे आणि 'डिस्क्रिप्शन'मध्ये माहिती. डॉलर चिन्हापुढे १, २ असे आकडे लिहिले की टॅब दाबल्यावर कर्सर त्या क्रमाने फिरतो आणि डॉलर-शून्यापाशी थांबतो. इथे एक खाच आहे. टेम्प्लेट लिटरलमध्येही (बॅकटिकमधल्या स्ट्रिंगमध्येही) डॉलर येतो, आणि व्हीएस कोड त्याला आपलीच खूण समजतो. तो डॉलर जसाच्या तसा हवा असेल तर जेसनमध्ये त्याच्याआधी दोन बॅकस्लॅश द्यावे लागतात.

फंक्शनांसाठी एक फोल्डर करा, एका फाइलीत एकच फंक्शन आणि नेमड एक्स्पोर्ट. 'युटिल्स' नावाची एकच लठ्ठ फाइल मला पटत नाही. तिच्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसते, म्हणून प्रत्येक जण तेच फंक्शन पुन्हा लिहितो.

फाइलीच्या माथ्यावर तीन ओळींची टीप असू द्या: हे काय करते, काय करत नाही, आणि भाषेची किमान कोणती आवृत्ती लागते. मधली ओळ कधीही गाळू नका.

तिसरी पायरी: डिबाउन्स, सावकाश आणि नीट

सुरुवात याच तुकड्याने करा, कारण क्लोजर (बाहेरच्या फंक्शनातली व्हेरिएबल्स लक्षात ठेवणारे आतले फंक्शन), टायमर आणि 'धिस' या तिन्ही गोष्टी यात एकदम भेटतात. वापरकर्ता टाइप करायचा थांबला की ठरावीक वेळाने फंक्शन एकदाच चालावे, हे याचे काम.

१. बाहेरच्या फंक्शनाने दोन गोष्टी घ्याव्यात: चालवायचे फंक्शन आणि थांबायचा वेळ मिलिसेकंदांत.

२. आत 'लेट'ने एक टायमर व्हेरिएबल जाहीर करा, किंमत न देता.

३. एक नवे फंक्शन परत करा. ते साध्या 'फंक्शन' शब्दाने लिहा, ॲरोने नको, आणि आर्ग्युमेंट्स तीन टिंबांच्या रेस्ट पॅरामीटरमध्ये गोळा करा.

४. त्यात आधी 'क्लिअरटाइमआउट'ने जुना टायमर रद्द करा. पहिल्या वेळी टायमर नसतोच, पण तेव्हाही ही ओळ बिनबोभाट चालते, वेगळी अट घालायची गरज नाही.

५. मग 'सेटटाइमआउट'ने नवा टायमर लावा. त्याला द्यायचे फंक्शन मात्र ॲरो असू द्या, आणि त्यात मूळ फंक्शन 'अप्लाय'ने 'धिस' आणि गोळा केलेली आर्ग्युमेंट्स देऊन बोलवा.

वरच्या यादीत क्रमांक ३ ला ॲरो चालत नाही आणि क्रमांक ५ ला तोच हवा. का? ॲरो फंक्शनाला स्वतःचा 'धिस' नसतो, ते बाहेरचा उचलते. परत केलेल्या फंक्शनाला ज्याने बोलावले त्याचा 'धिस' हवा, म्हणून ते साधे. टायमरमधल्या फंक्शनाने तोच 'धिस' पुढे न्यायचा, म्हणून ते ॲरो. हा एक मुद्दा कागदावर काढून समजून घेतलात तर 'धिस'विषयीची बरीच धास्ती जाईल.

आता हे कुठे मोडते ते पाहा. नवखे लोक बहुतेक वेळा डिबाउन्सला इव्हेंट हँडलरच्या आत बोलावतात. मग प्रत्येक कीस्ट्रोकला नवे क्लोजर, नवा टायमर तयार होतो आणि जुना कुणीच रद्द करत नाही. म्हणजे सगळे कॉल होतात, फक्त उशिरा. डिबाउन्स एकदाच, हँडलरच्या बाहेर बनवायचा. रिॲक्ट या लायब्ररीत कंपोनंटच्या अंगात बनवला तर प्रत्येक रेंडरला हेच घडते, म्हणून तिथे तो 'यूझरेफ' किंवा 'यूझमेमो'ने धरून ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट, वापरकर्ता पान सोडून गेला तरी टायमर जिवंत असतो. परत केलेल्या फंक्शनाला 'कॅन्सल' नावाची एक प्रॉपर्टी जोडून ठेवा. फंक्शन हेही ऑब्जेक्टच असल्यामुळे ते सहज जमते.

थ्रॉटल याचाच भाऊ. सतत चाललेल्या स्क्रोलमध्ये दर ठरावीक अंतराने एकदा काम करायचे असेल तर तो, आणि सगळे शांत झाल्यावर एकदाच करायचे असेल तर डिबाउन्स.

चौथी पायरी: मजकुराचे तुकडे, जिथे आपली लिपी परीक्षा घेते

शीर्षकावरून स्लग (यूआरएलमधला वाचता येणारा भाग) बनवण्याचे स्निपेट जागोजागी मिळतात. त्यांतले बहुतेक असे सांगतात: सगळे लहान अक्षरांत करा आणि बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये न बसणारे सगळे उडवा. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला हा डब्ल्यू फक्त रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर ओळखतो. 'मराठी भाषा' हे शीर्षक त्यातून काढले की हाती काहीच उरत नाही.

यावर उपाय ईएस२०१८ मधला: युनिकोड प्रॉपर्टी एस्केप. रेग्युलर एक्स्प्रेशनला 'यू' फ्लॅग लावायचा आणि बॅकस्लॅश-पीच्या महिरपी कंसात वर्गाचे नाव द्यायचे. अक्षरांसाठी एल, अंकांसाठी एन. इथेच बहुतेक जण थांबतात आणि फसतात. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या लेखी अक्षर नाहीत, त्यांचा वर्ग एम. तो वगळला तर 'मराठी'चे 'मर-ठ' होते. म्हणून एल, एम आणि एन या तिन्ही वर्गांत न बसणारे जे काही सलग असेल त्याच्या जागी एक हायफन टाका, मग सुरुवातीचे आणि शेवटचे हायफन छाटा.

त्याही आधी 'नॉर्मलाइझ' मेथड एनएफसी (चिन्हे शक्य तिथे जोडून साठवणारे युनिकोडचे रूप) या पर्यायासह चालवा. मराठीत हे विशेष महत्त्वाचे आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: एकच सलग चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात, आणि शोध रिकामा परततो. एनएफसी या दोघांना एक करते. तिसरा प्रकार मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. काही कीबोर्ड र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकतात. तो जॉइनर वरच्या तिन्ही वर्गांत बसत नाही, त्यामुळे स्लगमध्ये शब्दाच्या पोटातच हायफन घुसतो. म्हणून सुरुवातीला या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक 'रिप्लेसऑल' लिहून ठेवा. परदेशातून आलेल्या कुठल्याही तयार लायब्ररीत ही ओळ मला तरी अपेक्षित नाही. ती आपणच लिहायची.

मजकूर आखूड करण्याच्या तुकड्यालाही हाच रोग. 'मराठी' या शब्दाची 'लेंग्थ' ५ येते, कारण म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच एकके मोजली जातात. 'स्लाइस'ने पहिली चार घेतली तर 'मराठ' उरते. शब्द तीन टिंबांनी स्प्रेड केला तरी फरक पडत नाही. त्याने साधे इमोजी तुटण्यापासून वाचतात, मात्रा वाचत नाहीत. खरे साधन म्हणजे 'इंटल डॉट सेगमेंटर', त्याला भाषा द्यायची आणि 'ग्रॅन्युलॅरिटी' म्हणून 'ग्राफीम' (वाचकाला एक अक्षर वाटणारा तुकडा) सांगायचे. मग म, रा, ठी असे तीन तुकडे मिळतात. त्यांतले हवे तेवढे घ्या, जोडा, आणि काही उरले असेल तरच शेवटी तीन टिंबे लावा. २०२४ पासून हे सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे.

या फंक्शनाला मर्यादा म्हणून दुसरे ऐच्छिक पॅरामीटर असेल तर आणखी एक सापळा. ते थेट 'मॅप'ला दिले की मॅप दुसऱ्या जागी इंडेक्स पाठवतो, आणि पहिले शीर्षक शून्य अक्षरांचे, दुसरे एका अक्षराचे होऊन बसते. 'पार्सइंट' मॅपला थेट दिल्यावर '10', '10', '10' या स्ट्रिंगांचे १०, नॅन ('आकडा नाही' ही किंमत) आणि २ होतात ते याच कारणाने. मधे एक ॲरो घाला आणि एकच आर्ग्युमेंट पुढे द्या.

पाचवी पायरी: ॲरे आणि ऑब्जेक्ट

साध्या किमतींमधले दुहेरी घटक काढायला एक ओळ पुरते: ॲरेचा 'सेट' करा, आणि तो पुन्हा ॲरेमध्ये पसरा. ऑब्जेक्टांसाठी हे चालत नाही, कारण सेट त्यांची ओळख पाहतो, आतला मजकूर नाही. तिथे 'मॅप' (ॲरेची मेथड नव्हे, किल्ली-किंमत जोड्यांचा संग्रह) वापरा, किल्ली म्हणून आयडी आणि किंमत म्हणून पूर्ण ऑब्जेक्ट. एक बारकावा टिपेत लिहून ठेवा: तीच किल्ली पुन्हा आली तर क्रम पहिल्या वेळचा राहतो, पण किंमत शेवटची.

गट पाडण्याचे जुने स्निपेट 'रिड्यूस'मध्ये रिकामा ऑब्जेक्ट घेऊन सुरू होतात. बहुतेक वेळा चालतात. मग एक दिवस गटाचे नाव 'कन्स्ट्रक्टर' असे येते. ती प्रॉपर्टी प्रत्येक साध्या ऑब्जेक्टाला वारशाने मिळालेली असते, म्हणून नवा ॲरे बनत नाही आणि 'पुश' करताना टाइपएरर फेकला जातो. 'ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय' प्रोटोटाइप नसलेला, म्हणजे वारशाने काहीही न घेणारा ऑब्जेक्ट देते, तिथे हा प्रश्न नाही. मात्र आकड्यांसारख्या किल्ल्या ऑब्जेक्टमध्ये नेहमी चढत्या क्रमाने येतात, तुम्ही कशाही घाला. आलेला क्रम टिकवायचा असेल तर 'मॅप डॉट ग्रुपबाय'.

खोल प्रत काढायला जेसनमध्ये नेऊन परत आणण्याची युक्ती अजून फिरते आहे. तिच्यात तारखांच्या स्ट्रिंगा होतात, 'अनडिफाइंड' असलेल्या प्रॉपर्टी गळतात, मॅप आणि सेट रिकामे होतात. 'स्ट्रक्चर्डक्लोन' वापरा. आत फंक्शन असेल तर ते सरळ एरर फेकते, आणि गुपचूप माहिती हरवण्यापेक्षा ते बरे.

पत्ते पिसल्यासारखा ॲरे विस्कटायचा असेल तर 'सॉर्ट'ला यादृच्छिक उत्तर देणारे फंक्शन देऊ नका. दिसायला ते चलाख दिसते, पण निकाल एका बाजूला झुकतो. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपातल्या वापरकर्त्यांना ब्राउझर निवडण्याचा पडदा दिला होता. त्यातला क्रम याच युक्तीने विस्कटलेला होता, आणि लोकांच्या ते लगेच लक्षात आले. फिशर आणि येट्स यांची पद्धत १९३८ ची आहे, संगणकासाठी तिचे रूप १९६४ मध्ये डर्स्टेनफेल्डने दिले. शेवटच्या घटकापासून मागे या, शून्य ते स्वतःची जागा यांतला एक आकडा उचला, तिथल्या घटकाशी अदलाबदल करा. स्वतःची जागा धरून, हे विसरू नका.

सहावी पायरी: पुन्हा प्रयत्न करणारे फंक्शन

आधी एक छोटा 'थांबा' तुकडा लिहा: मिलिसेकंद घेणारे आणि तेवढ्या वेळाने पूर्ण होणारा प्रॉमिस देणारे फंक्शन. 'सेटटाइमआउट'ची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे २४.८ दिवस. त्याहून मोठा आकडा दिला की ते थांबतच नाही, जवळजवळ लगेच चालते.

मग मुख्य फंक्शन. त्याने तीन गोष्टी घ्याव्यात: करायचे काम (फंक्शन म्हणून, प्रॉमिस म्हणून नव्हे, कारण प्रॉमिस पुन्हा सुरू करता येत नाही), किती वेळा, आणि पहिली विश्रांती. लूपमध्ये ट्राय, आत काम करून निकाल परत. कॅचमध्ये शेवटचा प्रयत्न असेल तर एरर पुढे फेका, नाहीतर थांबा आणि विश्रांती दुप्पट करा. तिच्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा, नाहीतर सर्व्हर उठताक्षणी सगळे क्लायंट एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात.

यातली सर्वांत फसवी जागा ट्रायमधली 'रिटर्न' ओळ आहे. तिथे 'रिटर्न'नंतर 'अवेट' नसेल तर प्रॉमिस तसाच बाहेर जातो आणि नाकारला गेला तरी कॅचला पत्ता लागत नाही. पुन्हा प्रयत्न होतच नाही, आणि कोड वाचताना सगळे बरोबरच दिसते.

दुसरी जागा 'फेच'ची. ४०४ किंवा ५०० आले म्हणून फेचचा प्रॉमिस नाकारला जात नाही, विनंतीच पुरी झाली नाही, उदाहरणार्थ नेटवर्क तुटले, तरच तो नाकारला जातो. 'रिस्पॉन्स डॉट ओके' तपासून एरर आपणच फेकायचा. आणि कशासाठी पुन्हा विचारायचे हेही ठरवा. ४०४ ला पुन्हा विचारून उत्तर बदलणार नाही. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आणि ५०३ (सेवा तात्पुरती बंद) ला अर्थ आहे, सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर असेल तर त्याचे ऐका. नोंद तयार करणाऱ्या पोस्ट विनंतीला हे फंक्शन डोळे मिटून लावू नका. पहिली विनंती पोचली आणि उत्तरच हरवले असेल तर एकाच नोंदीच्या दोन होतील.

सातवी पायरी: मोडून पाहा

नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) टेस्ट रनर अंगचाच आहे आणि आवृत्ती २० पासून स्थिर आहे. वेगळे काही बसवावे लागत नाही. प्रत्येक तुकड्याशेजारी एक टेस्ट फाइल ठेवा आणि तिच्यात चालणाऱ्या उदाहरणांपेक्षा मोडणारी जास्त लिहा: रिकामा ॲरे, एकच घटक, 'अनडिफाइंड', मात्रांनी संपणारा मराठी शब्द, 'कन्स्ट्रक्टर' नावाचा गट. प्रत्यक्ष वापरात नवी मोड सापडली की आधी तिची टेस्ट लिहा, मगच दुरुस्ती.

दुसऱ्याचा कोड घेतला असेल तर परवाना तपासा. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय आणि समान-वाटप अटींखाली असतो, त्यामुळे दुवा टिपेत हवाच आणि कंपनीच्या कोडमध्ये घालण्याआधी विचारलेलेही बरे.

भाषेची नवी आवृत्ती साधारण दर जूनमध्ये मंजूर होते. तेव्हा फोल्डरवरून एकदा नजर फिरवा. एखाद्या तुकड्याचे काम भाषेनेच उचलले असेल तर फंक्शनाचे नाव तेच ठेवून आतून अंगभूत मेथड बोलवा आणि जुन्या टेस्ट चालवा. सगळ्या पास झाल्या की एकेका फाइलीतून ते इम्पोर्ट काढत जा, आणि शेवटचे इम्पोर्ट गेले की तुकडा त्याच्या टेस्टसह पुसून टाका.